नाव शेवटी सांगणारे सर

कुणी माईकसमोर उभं राहून "पाहुण्यांच्या परिचयाची गरज नाही" म्हणालं, की आमचे सर खुर्चीतूनच पुटपुटायचे, "मग उठलास कशाला?" सरांचं पुटपुटणं म्हणजे अर्ध्या मंडपाला ऐकू जाणारं. मग बोलणाऱ्याची त-त प-प व्हायची, पाहुणा हसू दाबायचा, आणि सर निरागस चेहऱ्यानं दाढेखालची लवंग इकडून तिकडे सरकवायचे.

सर आमच्या शाळेत हिंदी आणि इतिहास शिकवत. निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले, त्यामुळे परिचयाला ते कधी परिचय म्हणाले नाहीत. तारूफ म्हणायचे. "परिचय कागदाचा होतो, पोरी, तारूफ मानसाचं." मला ते वर्गासमोर 'बाई' म्हणत आणि वर्ग सुटला की 'पोरी'. मी त्यांचीच विद्यार्थिनी, बी.एड. करून त्याच शाळेत विज्ञान शिकवायला आलेली. अजून कायम झाले नव्हते.

दिसायला उंच, खांदे किंचित पुढे आलेले, डोक्यावर काळी टोपी. ही गोष्ट दुष्काळाच्या सालातली, ढगाचं नाव नव्हतं, तरी ते रोज छत्री घेऊन यायचे. कुणी विचारलंच, "गुर्जी, छत्री कामून?" तर म्हणायचे, "आभाळाला शरम वाटली पायजे म्हून." आणि पुढे निघायचे. त्यांना तारूफाचं वेडच होतं. घरी नवी म्हैस आणली तेव्हा त्यांनी तिला दारातल्या कुत्र्यापुढे उभं करून दोघांची रीतसर ओळख करून दिली, हे त्यांच्या बायकोनं मला स्वतः सांगितलं. सांगताना कपाळावर हात मारून घेतला.

त्याच सुमाराला आमचा जिल्हा नवा झाला. चाकूरच्या बाजूची आम्ही माणसं कालपर्यंत उस्मानाबादची होतो, एकाएकी लातूरची झालो. शाळेच्या शिक्क्यावर जुनाच जिल्हा होता आणि फलकावर नवा. पण खरी धमाल उडाली ती साहेबलोकांची. नव्या जिल्ह्याला सगळे नवे साहेब. कुणी कुणाला ओळखत नाही. मग प्रत्येक गावानं, प्रत्येक शाळेनं, प्रत्येक भजनी मंडळानंसुद्धा कार्यक्रम ठरवले आणि साहेबांना बोलावलं. साहेबाला हार घातल्याशिवाय साहेब ओळख ठेवत नाही असा लोकांचा पक्का समज. आणि हाराच्या आधी तारूफ. सरांना उसंत राहिली नाही. शेजारची गावंही त्यांना बैलगाडी पाठवून न्यायची.

त्यांची पद्धत जगावेगळी. पाहुणा स्वतःची माहिती लिहून पाठवायचा: शिक्षण, पदं, पुरस्कार. सर तो कागद घडी करून टोपीत ठेवायचे आणि पुन्हा काढायचे नाहीत. पाहुणा ठरला की ते एस.टी. पकडून पाहुण्याच्या गावी जायचे. तिथं पारावर बसायचे, चहा प्यायचे, आणि परत येताना पाहुण्याचं आमच्या गावाशी असलेलं नातं घेऊन यायचे. नातं सापडायचंच. आपल्याकडे दोन अनोळखी माणसं एस.टी.त शेजारी बसली तरी "कुन्या गावचे? कुनाचे?" करत तिकीट फाटायच्या आत सोयरीक काढतात. सरांनी तेच माईकवर आणलं, इतकंच.

एकदा हिमायतनगरकडचे एक जनावरांचे डॉक्टर आले होते. सर तिकडे जाऊन आलेले, अंगावरची धूळसुद्धा पुरती झटकलेली नव्हती. उभे राहिले आणि म्हणाले, "यांच्या आजोबानं आपल्या बाजारातून एक खोंड नेला व्हता. तो खोंड त्यांच्या दावणीला म्हातारा झाला आन् तिथंच गेला. दुष्काळ पडला तरी इकला न्हाई. ज्यानं आपल्या गावचा बैल शेवटपत्तूर सांभाळला, त्याचा नातू आपला सोयरा." हे डॉक्टरांना स्वतःलाही माहीत नव्हतं. ते भाषण विसरले आणि आजोबांबद्दलच बोलत राहिले. समोर बसलेली म्हातारी माणसं पटक्याच्या शेवानं डोळे पुसत होती.

नांदेडचे एक प्राध्यापक मात्र सरांवर कायमचे रुसले. ते आले होते गावाच्या अंधश्रद्धेवर आसूड ओढायला. सरांनी शोधून काढलं की त्यांच्या बायकोची चुलत मावशी आमच्या माळ्याच्या आळीत दिलेली. झालं, प्राध्यापक गावचे जावई ठरले! बायकांनी पदर पुढे ओढले, म्हाताऱ्यांनी 'या, जावईबापू' केलं, आणि जावयानं सासुरवाडीत आवाज चढवायचा नसतो हे त्यांनाही ठाऊक. आसूड बाजूला राहिला. त्यांना पुरणपोळी वाढली आणि टोपी घालून परत पाठवलं.

नातं सापडलं नाही असं मी एकदाच पाहिलं. मुंबईहून आलेले एक इंजिनियर, बापजाद्यांचं गावच नाही म्हणाले. सर उभे राहिले आणि म्हणाले, "यांचं हितं कुनीच न्हाई. तवा रात्री जेवायला कुनाच्या घरी न्यायचं, तेवढं आत्ता बोला." पाच-सहा हात वर झाले. "झालं की नातं," म्हणाले आणि खाली बसले.

मला ते तारूफ शिकवायचे. स्तुती करायची नाही, कारण ती ऐकून पाहुण्याची आईसुद्धा त्याला ओळखणार नाही. पाहुण्याकडे बघून बोलायचं नाही, लोकांकडे बघून बोलायचं. ओळख त्यांना करून द्यायची आहे, पाहुण्याला स्वतःची आहेच. थोडक्यात बोलायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाव शेवटी सांगायचं.

"नाव शेवटी का, सर?"

"आधी सांगितलं की लोक आडनाव ऐकतात आन् बाकीचं ऐकत न्हाईत."

हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. माझं आडनाव ऐकल्यावर लोक काय ऐकायचे थांबतात, हे मला शाळेत असल्यापासून पाठ होतं. आमचं घर बौद्धवाड्यात. आणि उगाच सरांची आरती ओवाळायची नाही म्हणून हेही सांगते: त्यांच्या घरी मला चहा मिळायचा, पण माझा कप वेगळ्या कोनाड्यात असायचा. सरांना ते दिसत होतं. दिसून न दिसल्यासारखं करण्यात आमच्या गावचे भले लोक फार तरबेज होते.

आता पाण्याचं. त्या वर्षी वाड्यातला आमचा आड तळाला गेला. गावात टँकर यायचा आणि चावडीच्या विहिरीत रिकामा व्हायचा. विहिरीच्या ओट्यावर गावातल्या बायका चढायच्या, पोहरा सोडायच्या, भरून न्यायच्या. आमच्या बायकांनी घागरी ओट्याखाली मांडून उभं राहायचं. वरच्या एखादीला दया आली की ती स्वतःचं भरून झाल्यावर वरून आमच्या घागरीत ओतणार. न आली तर बसा उन्हात. कुणी लेखी नियम केलेला नव्हता. माझी आई रोज सकाळी जायची आणि कधी दुपारी यायची. मी शाळेत पोरांना पाण्याचं रासायनिक सूत्र शिकवायची, आणि घरी प्यायला पाणी नसायचं. संताप यायचा. आई म्हणायची, "आदी नोकरी पक्की होऊ दे."

शाळेच्या संमेलनाला त्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी नव्या जिल्ह्याचे टंचाईचं काम बघणारे साहेब बोलावले. अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. गावातले मोठे शेतकरी, शाळा त्यांची, ग्रामपंचायत त्यांची. आबांचा हिशेब सरळ होता: साहेब खूश, तर गावाला दुसरा टँकर. साहेब कंधारकडचे आहेत, एवढंच कळलं होतं. नंतर त्यांचं आडनाव कळलं आणि आबांच्या बैठकीत लोक एकमेकांकडे बघायला लागले. पण टँकर हवाच होता.

सर नेहमीप्रमाणे एस.टी.नं कंधारकडे गेले. परत आले ते घरी गेले नाहीत, थेट आमच्या दारात. आमच्या दारात ते त्याआधी कधी आले नव्हते. आईनं घाईघाईनं बाज टाकली.

"बाई, तुमची एक ननंद कंधारकडं दिली व्हती का?"

आई दचकली. माझी आत्या. बाळंतपणानंतर थोड्याच वर्षांत ती वारली, तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि येणंजाणं तुटलं. तिचा मुलगा होता एक, एवढंच मला माहीत. माझे वडील जाईपर्यंत त्याची आठवण काढायचे.

"तो पोरगा," सर म्हणाले, "लातूरला साहेब झालाय. परवा आपल्याकडं येतोय."

"आमचाच का?" आईनं पुन्हा विचारून घेतलं. सरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. साहेबांच्या चुलत्यानं त्यांना घरात बसवून चहा दिला होता आणि विचारलं होतं, "आमच्या वैनीच्या म्हायेरी आता पान्याचं कसं काय हाय?" गावातल्या प्रत्येक घराची सोयरीक तोंडपाठ असलेल्या माणसाला याचं उत्तर देता आलं नव्हतं. सांगतानाही त्यांचा चेहरा पडलेला होता. मग ते म्हणाले, "बाई, जरा पानी द्या."

आई म्हणाली, "पानी अजून आलं न्हाई, गुर्जी. घागर वट्याखालीच हाय."

सरांनी टोपी परत डोक्यावर घातली. उठताना त्यांनी मला विचारलं, "पोरी, स्टेजवर मी खरं तारूफ केलं तर आबा तुझी नोकरी पक्की करनार न्हाईत. तू नको म्हनलीस तर हुद्दा वाचून खाली बसतो."

मी आईकडे पाहिलं. नोकरीचा धोशा तिचाच होता. ती म्हणाली, "बोला तुमी. पोरगी शिकलेली हाय, दुसरी नोकरी मिळंल. ह्या वयात मला दुसरं गाव कुठं मिळनार?"

संमेलनाच्या सकाळी आबांनी सरांना मुख्याध्यापकांच्या खोलीत गाठलं. "गुर्जी, गावचा भाचा म्हना, लई झकास. पन कुन्या आळीचा, ते कशाला?" त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. आबा धमकी देत नसत, त्यांना गरजच पडायची नाही. सर म्हणाले, "बघतो."

साहेब आले. तरुण, अबोल, जाड भिंगाचा चष्मा. सर त्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बाजूला घेऊन गेले. सांगितल्याशिवाय कुणाचं घरचं बोलणं माईकवर न्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. मी दारात उभी होते. साहेब म्हणाले, "मला आजोळ नाही. आई गेली तेव्हा मी लहान होतो. चाकूरकडची होती, एवढंच ऐकलंय." सर हळू आवाजात काहीतरी सांगत राहिले. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाले, "सांगा. सगळं सांगा."

शाळेचं मैदान भरलं होतं. मैदानातून चावडीची विहीर सरळ दिसते. साहेब येणार म्हणून टँकर सकाळीच आलेला, आणि ओट्याखाली आमच्या बायका घागरी घेऊन उभ्या. त्यात माझी आई.

सर माईकजवळ आले. "मंडळी, आजचे पाहुने आपल्या गावचे भाचे आहेत."

टाळ्या. आबांनी मान डोलावली.

"भाच्याचा मान तुमाला मी सांगायला नको. मामा पिकल्या केसाचा असला तरी भाच्याच्या पाया पडतो. आन् भाचा पहिल्यांदा आजोळी आला, की आदी त्याच्या हातात आजोळचं पानी द्यावं लागतं. बाकी समदं नंतर."

टेबलावर झाकण ठेवलेला पेला होता. आबांनी तो साहेबांकडे सरकवला. सरांनी त्यावर हात ठेवला.

"हे आबांच्या घरचं पानी. गोड हाय. पन यांचं आजोळ तिकडं हाय," आणि त्यांनी सरळ बौद्धवाड्याकडे हात केला. "तिथला आड आटला. यांच्या मामी सकाळधरनं चावडीच्या इहिरीच्या वट्याखाली घागर घेऊन हुब्या हायत. दिसायल्यात का? त्यांची घागर आली, की मी पाहुन्यांचं नाव सांगतो. तवर तारूफ अर्धं."

आणि ते खुर्चीवर जाऊन बसले.

मुख्याध्यापक घाबरून पोरींना खुणा करायला लागले. पोरींना दुसरं काही सुचेना, त्यांनी स्वागतगीत पुन्हा सुरू केलं. तेही संपलं. आबा दात आवळून म्हणाले, "गुर्जी, हे काय करायलाव तुमी?"

"तारूफ."

आबांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी समोरचा पेला उचलून टेबलाच्या टोकाला नेऊन ठेवला. म्हणाले, "मला घाई नाही."

आबा मुरलेले होते. त्यांनी ओरडून सांगितलं, "जा रे कुनीतरी, तिच्या घागरीत पानी घाला आन् घेऊन या."

"तसं चालत न्हाई, आबा," सर बसूनच म्हणाले. "मामीनं आपल्या हातानं शेंदलेलं लागतं. दुसऱ्यानं वतलेलं आजोळचं होत न्हाई."

असा काही रिवाज खरंच होता का, मला आजही माहीत नाही. सरांनी तो तिथल्या तिथं तयार केला असावा अशी माझी दाट शंका आहे. पण ते अशा थाटात बोलले की म्हाताऱ्यांनाही वाटलं, असेल बुवा. मागून एक म्हातारी ओरडली, "भाचा तहानलेला बसलाय आन् तुमी इचार काय करताव? जाऊ द्या की तिला वर!" तिच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं, "टँकर पायजे का न्हाई, आबा?" कुणाला भाच्याची कणव आली, कुणाला टँकरची काळजी. मला त्यातला फरक करत बसायची हौस नव्हती.

आबांनी हात हलवला. बस्स, एवढंच.

सगळं मैदान विहिरीकडे वळलं. आई ओट्याच्या पायऱ्यांशी थांबली. मग चढली. वरच्या बायका बाजूला झाल्या. तिनं पोहरा सोडला. तिच्या हाताला दोराची सवय होती, आमच्या आडावर ती आयुष्यभर पाणी शेंदत आली होती. त्या ओट्यावर मात्र तिचा पाय पहिल्यांदाच लागला.

घागर डोक्यावर घेऊन ती मैदानातून चालत आली. लोक वाट देत गेले. साहेब स्टेजवरून खाली उतरले, ओंजळ पुढे केली. आईनं घागर तिरपी केली. ते प्यायले आणि वाकायला लागले, तशी आईनं त्यांचे खांदे धरले. "भाच्यानं वाकायचं नसतं, लेकरा." आणि तीच वाकली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "नाक आईचंच हाय." साहेबांना रडू आवरेना. मग मलाही आवरलं नाही.

सर माईकजवळ आले. त्यांनी आधी माझ्या आत्याचं नाव घेतलं, मग तिच्या मुलाचं, आणि मग आडनाव. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं, खणखणीत.

साहेब थोडंच बोलले. भाचा म्हणून माझ्याकडे काही मागू नका, नियमात बसेल तेवढं पाणी येईल, आणि ते सगळ्यांसाठी येईल, असं म्हणाले. पाणी आलंही तसंच. आबांनी पुढे सरांना माईकच्या जवळ फिरकू दिलं नाही. सरांना त्याचं भयंकर दुःख झालं, ते काही लपवत नसत. "लोक आता कागद वाचायलेत, पोरी, कागद!" असं म्हणून मुठी आवळायचे. मला कायम केलं नाही. मी नांदेडला दुसऱ्या शाळेत लागले आणि तिथं आजवर कितीतरी पाहुण्यांचं तारूफ करून दिलं, प्रत्येकाचं नाव शेवटी. सर थकल्यावर मी भेटायला जायची तेव्हा ते विचारायचे, "कागद वाचत न्हाईस ना?" त्यांच्यावर माझा फार जीव होता, आणि त्या कोनाड्यातल्या कपाचा रागही होता. दोन्ही खरं.

पण स्टेजवरचं काही फार टिकत नाही. पाहुणा गेला की मंडप उतरतो आणि गाव पहिल्यासारखं होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईबरोबर चावडीच्या विहिरीवर गेले. ना साहेब, ना माईक, ना सर. टँकर नुकताच ओतून गेलेला. ओट्यावर पाटलाच्या आळीतल्या दोघीतिघी होत्या. आमच्या बाकीच्या बायका घागरी घेऊन रोजच्यासारख्या खाली उभ्या राहिल्या, आईकडे बघत.

आई पायऱ्या चढली. वरची एक पोहऱ्याचा दोर धरूनच म्हणाली, "बाई, कालचं काल झालं. आज कुठं पाहुना हाय?"

आईनं घागर ओट्यावर ठेवली, पदर खोचला आणि तिच्या हातातला दोर धरला.

"काल पाहुन्यासाठी नेलं. आज मला तहान लागलीय. सरक जरा."

ती सरकली.